दीपमाळ

दीपमाला हा मूळचा संस्कृत शब्द. माला म्हणजे ओळ. दीपावलीतल्या ‘आवली’चाही अर्थ तोच, म्हणजे दोन्ही शब्दांचा जन्म एकाच कल्पनेतून झाला. मराठीत मात्र ओळ आडवीची उभी झाली. देवळापुढच्या दगडी स्तंभालाच आपण दीपमाळ म्हणू लागलो. जेजुरीच्या पायऱ्या चढलेल्याला वेगळं सांगायला नको. पुढे कुणा रानवेड्याने तेच नाव एका रोपाला दिलं, आणि अगदी चपखल दिलं.

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाकडे किंवा आरेत पाऊस सरल्यावर जा. माणसाहून उंच, चौकोनी दांडा. त्यावर ठरावीक अंतराने काटेरी गोळे, जणू दांडा त्यांच्या पोटातून आरपार गेलाय. गोळ्यांतून केशरी, लवदार फुलं बाहेर येतात. शिंजीर त्यांत चोच खुपसून मध पितो. कूळ तुळशी-पुदिन्याचं.

शास्त्रीय नाव लिओनोटिस नेपेटिफोलिया. त्यातल्या लिओनोटिसचा ग्रीक अर्थ सिंहाचा कान! पाकळीवरची लव पाहून सुचलं म्हणे. सिंहाचा कान इतक्या जवळून कुणी न्याहाळला, देव जाणे. मला आपलंच नाव सरस वाटतं. त्यात झाडाची अख्खी ठेवण आली, शिवाय वेळही जुळते: त्रिपुरी पौर्णिमेला देवळातल्या दीपमाळा उजळतात, तेव्हा हीही फुललेली असते. फक्त ही एका संध्याकाळीत पेटत नाही. खालच्या गोळ्यापासून सुरुवात करून सावकाश वर चढते.