स्वस्त ग्रामोफोन : लाभ आणि हानि

सोलापूरच्या जुन्या गिरणीचें काम १८७७ च्या सुमारास सुरू झालें. त्याच सालीं अमेरिकेंत एडिसननें माणसाचा आवाज साठवून पुन्हां ऐकविणारें यंत्र तयार केलें. १८८७ मध्यें बर्लिनरनें सपाट तबकडीची युक्ति काढली, आणि १९०२ सालीं कलकत्त्यास गौहरजान यांचें गायन तबकडीवर उतरलें. प्रारंभीं हें मोठ्या भोंग्याचें यंत्र श्रीमंतांच्या दिवाणखान्याचें भूषण होतें. पुढें भोंगा पेटीच्या पोटांत गेला, पेटीला मूठ बसली, आणि गिरणीच्या गांवांतील बेताच्या मिळकतीच्या कुटुंबासही 'हें यंत्र घ्यावें कीं न घ्यावें' असा विचार करतां येऊं लागला.

घ्यावें असें म्हणणारांची बाजू भक्कम होती. यंत्रास वीज लागत नसे. किल्ली देऊन स्प्रिंग आवळली कीं तबकडी मिनिटास सुमारें ७८ फेरे घेई. वाड्याच्या सोप्यांत, शेतावरच्या वस्तींत, कोठेंही तें चाले. ज्या स्त्रियांना मैफलीस जाणें दुरापास्त, त्यांच्या माजघरापर्यंत गवयाचा स्वर पोंचला. मैफलींत निसटून गेलेली जागा येथें पुन्हां पुन्हां ऐकतां येई.

हानीची बाजूही लहान नव्हती. तबकडीच्या एका अंगास जेमतेम तीन-साडेतीन मिनिटें. तासभर फुलणारा ख्याल तेवढ्यांत आटोपावा लागे. लहान भोंग्यांतून खर्जाचे स्वर क्षीण निघत. पोलादी सुई दर खेपेस बदलावी, असा दंडक. काटकसरीनें तीच पुन्हां लावली कीं तबकडीवरील चर खरडले जात. तबकड्या लाखेच्या मिश्रणाच्या; पडल्या तर फुटत, आणि सोलापूरच्या वैशाखांत उन्हांत राहिल्या तर वांकत. यंत्र एकदांच घ्यावें लागे, पण सुयांचा व तबकड्यांचा खर्च कधीं संपत नसे. सर्वांत मोठी हानि निराळीच होती : जें गाणें अधिक आवडे तें अधिक वाजे, आणि जें अधिक वाजे तेंच आधीं झिजे.

मग हा व्यवहार तोट्याचा ठरला काय? सोलापूरजवळच्या होटगीहून विजापूरमार्गें लोहमार्ग गदगास जातो. त्या गदगांत एका दुकानीं अब्दुल करीम खांसाहेबांची तबकडी वाजत असतां एका मुलानें ती ऐकली. असें गातां यावें या ध्यासानें १९३३ सालीं त्यानें घर सोडलें, आणि गांवोगांव भटकून अखेर खांसाहेबांचेच शिष्य सवाई गंधर्व यांचे पाय धरले. पंडित भीमसेन जोशी ते हेच. तबकडीनें त्यांना गाणें शिकविलें नाहीं. तिनें त्यांना गुरूच्या शोधास लाविलें.

१९६३ सालीं कॅसेट निघाली. पुढें हजारों गाणीं खिशांत मावूं लागलीं. सुई गेली, किल्ली गेली, झिजणेंही गेलें. तरी स्वस्त यंत्राची परीक्षा पूर्वीचीच आहे. तें ऐकणाराला गाण्यापर्यंत नेतें, कीं पेटीपाशींच बसवून ठेवितें, एवढेंच पाहावयाचें.