बारगीर कीं शिलेदार?

आपल्या इतिहासांत घोडेस्वारांचे दोन वर्ग सांगितले आहेत. ज्याला घोडा व हत्यार सरकारच्या पागेंतून मिळे तो बारगीर. जो स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येई तो शिलेदार. बारगिरानें चाकरी सोडली तर घोडा पागेंत परत जाई, हें उघडच आहे. पण सरकारनें जें दिलें तें घोडा नसून अंगचें कसब असेल, तर चाकरी सोडतांना तें परत कसें करावयाचें? विसाव्या शतकाच्या अखेरीस मॉस्को शहरांत हा प्रश्न एका खेळाडूच्या बाबतींत प्रत्यक्ष उभा राहिला. त्या खेळाडूचें नांव व्याचेस्लाव फेतिसोव्ह.

बर्फावरील हॉकी आपल्याकडे क्वचितच पाहावयास मिळते, म्हणून तिच्याविषयीं दोन शब्द सांगतों. गोठविलेल्या मैदानावर, जोड्यांच्या तळाशीं पोलादी पातीं लावून, दोन्ही पक्षांचे सहा-सहा गडी खेळतात. चेंडूऐवजीं तीन इंच व्यासाची व एक इंच जाडीची कठीण रबराची चकती असते. सहांपैकीं एक गोलरक्षक, तिघे चढाई करणारे व दोघे बचाव करणारे. फेतिसोव्ह बचावाचा गडी होता. परंतु बचाव म्हणजे भिंतीसारखें उभें राहणें नव्हे, हें त्यानें जगाला दाखवून दिलें. चकती हाताशीं येतांच तो स्वतः पुढें सरसावे, प्रतिपक्षाची फळी फोडी, आणि त्याची मोकळी झालेली जागा सहकारी न सांगतां सांभाळीत.

ही सहकाराची विद्या सोव्हिएट पद्धतीची होती. त्या देशांत या खेळाची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९४६ सालीं सुरू झाली, आणि अवघ्या आठ वर्षांत, १९५४ सालीं, स्टॉकहोम येथें सोव्हिएट संघ जगज्जेता झाला. अनातोली तारासोव्ह या गुरूनें मॉस्कोच्या लष्करी क्रीडासंघांत जी शाळा घातली, तिचें सूत्र एकच होतें : चकती एकट्यानें मिरवावयाची नाहीं, ती जोडीदाराला द्यावयाची. फेतिसोव्हचा जन्म २० एप्रिल १९५८ चा, मॉस्कोचाच. तो बालपणींच या लष्करी संघांत शिकावयास आला. १९७८ सालीं, वयाच्या विसाव्या वर्षीं, तो जगज्जेत्या संघांत खेळला आणि त्या स्पर्धेंतील सर्वोत्तम बचावपटु ठरला.

१९८० सालीं अमेरिकेंतील लेक प्लॅसिड येथें हिवाळी ऑलिंपिक सामने झाले. तेथें अमेरिकेच्या विद्यार्थी-खेळाडूंनीं या बलाढ्य संघाला चार विरुद्ध तीन गोलांनीं हरविलें, व रौप्यपदकावर समाधान मानावें लागलें. त्या पराभवानंतर प्रशिक्षक व्हिक्टर तिखोनोव्ह यानें संघाची नवी घडी बसविली. फेतिसोव्ह, कासातोनोव्ह, मकारोव्ह, लारिओनोव्ह व क्रुतोव्ह या पांच जणांचें पथक याच घडींतून निर्माण झालें. १९८१ सालीं माँट्रिऑल येथें त्यांच्या संघानें कॅनडाचा आठ विरुद्ध एक असा पराभव केला. १९८४ सालीं सारायेव्हो व १९८८ सालीं कॅल्गरी येथें ऑलिंपिक सुवर्णपदकें आलीं. फेतिसोव्हनें एकंदर सात जागतिक अजिंक्यपदें मिळविलीं.

या यशाचें मोल काय पडलें, तेंही पाहिलें पाहिजे. खेळाडू लष्करी पदांवर असत. फेतिसोव्ह मेजरच्या हुद्द्यापर्यंत चढला. वर्षांतील दहा-अकरा महिने त्यांना अर्खांगेल्स्कोये येथील तळावर राहावें लागे. बायकामुलें मॉस्कोंत, आणि हे कांहीं मैलांवर, परंतु पहाऱ्यांत. शाळामास्तरकींत आयुष्य घालविलेल्या माझ्यासारख्या माणसाला शिस्तीचें महत्त्व कोणीं सांगावयास नको. पण विद्यार्थी प्रौढ झाला तरी त्याला वर्गाबाहेर जाऊं न देणारी शिस्त ही शिस्त राहत नाहीं, ती कोठडी होते. याच काळांत, १९८५ सालीं, मोटार अपघातांत फेतिसोव्हचा धाकटा भाऊ अनातोली मरण पावला. त्या वेळीं गाडी फेतिसोव्ह स्वतः चालवीत होता. हें दुःख घेऊन तो पुन्हां बर्फावर उतरला.

अमेरिकेंतील न्यू जर्सीच्या संघानें १९८३ सालींच त्याच्यावर आपला हक्क नोंदविला होता. कॅल्गरीच्या विजयानंतर आपणांस तेथें जाऊं देण्याचें वचन मिळालें होतें, असें फेतिसोव्हनें पुढें सांगितलें. तें वचन पाळलें गेलें नाहीं. पळून जाण्याची वाट मोकळी होती. मे १९८९ मध्यें मोगिल्नी हा वीस वर्षांचा खेळाडू स्टॉकहोमहून त्याच वाटेनें निसटला. फेतिसोव्हनें मात्र ती वाट पतकरली नाहीं. ज्या दारानें आलों त्याच दारानें, उजळ माथ्यानें बाहेर पडेन, असा त्याचा हट्ट होता.

सरकारनें दुसरा मार्ग पुढें केला : परदेशीं खेळावें, पण पगाराचा मोठा हिस्सा सरकारी संस्थेनें घ्यावा. फेतिसोव्हनें तोही नाकारला. संरक्षणमंत्री याझोव्ह यानें आपणांस सैबेरियांत धाडण्याची धमकी दिली, अशी हकीकत त्यानें सांगितली आहे. लारिओनोव्हनें तर १९८८ सालींच एका साप्ताहिकांत उघडें पत्र लिहून तिखोनोव्हच्या कारभारावर टीका केली होती. १९८९ च्या आरंभीं फेतिसोव्ह संघांतून बाहेर पडला. तेव्हां त्याच्या सहकाऱ्यांनीं दूरचित्रवाणीवर येऊन सांगितलें कीं, तो नसेल तर आम्हीं जागतिक स्पर्धेस जाणार नाहीं. अधिकाऱ्यांना नमावें लागलें. तो परतला, स्टॉकहोम येथें संघ पुन्हां जगज्जेता झाला, आणि त्याच वर्षीं फेतिसोव्ह राजरोस अमेरिकेस गेला.

या लढ्याची एक जखम मात्र राहिली. बचावांतील त्याचा वर्षानुवर्षांचा जोडीदार कासातोनोव्ह तिखोनोव्हच्या बाजूस राहिला होता. पुढें दोघेही न्यू जर्सीच्याच संघांत आले. एका बर्फावर खेळत, पण एकमेकांशीं बोलत नसत.

अमेरिकेंतील पहिलीं वर्षें कष्टाचीं गेलीं. तेथें अंगबळावर भर. जोडीदाराला चकती देत देत पुढें जाण्याची रशियन रीति तेथल्या खेळांत बसेना. पुढें १९९५ सालीं डेट्रॉइटच्या संघानें त्याला घेतलें, आणि स्कॉटी बोमन या जाणत्या प्रशिक्षकानें त्याच वर्षीं २७ ऑक्टोबर रोजीं फेतिसोव्ह, कॉन्स्तान्तिनोव्ह, लारिओनोव्ह, फेदोरोव्ह व कोझ्लोव्ह या पांच रशियनांस प्रथमच एकत्र उतरविलें. सामना कॅल्गरीस होता. डेट्रॉइटनें तो तीन गोलांनीं जिंकला. तारासोव्हची विद्या परक्या भूमींत नव्यानें रुजली.

जून १९९७ मध्यें डेट्रॉइटनें बेचाळीस वर्षांनंतर स्टॅनले चषक जिंकला. फेतिसोव्ह व लारिओनोव्ह यांनीं तो मिळून उचलला व बर्फावरून फेरी मारली. परंतु सहाच दिवसांनीं मोटारीला अपघात झाला. फेतिसोव्ह वांचला; पण कॉन्स्तान्तिनोव्ह व संघाचा अंगमर्दक म्नात्साकानोव्ह यांच्या मेंदूला भयंकर इजा झाली. कॉन्स्तान्तिनोव्ह पुन्हां खेळूं शकला नाहीं. त्याच वर्षींच्या ऑगस्टमध्यें तो चषक प्रथमच मॉस्कोस आला. तो नेणाऱ्यांत फेतिसोव्ह होता. पुढल्या वर्षीं डेट्रॉइटनें तो पुन्हां जिंकला, तेव्हां चाकांच्या खुर्चींतून कॉन्स्तान्तिनोव्हला बर्फावर आणून चषक त्याच्या मांडीवर ठेवण्यांत आला. त्याच १९९८ सालीं फेतिसोव्ह निवृत्त झाला.

यानंतरचा इतिहासही सांगितला पाहिजे, कारण चरित्र म्हणजे स्तोत्र नव्हे. २००२ ते २००८ पर्यंत फेतिसोव्ह रशियाच्या क्रीडाखात्याचा प्रमुख होता. नंतर तो तेथील वरिष्ठ सभागृहांत बसला, व २०१६ सालीं कनिष्ठ सभागृहावर निवडून आला. ज्या राज्यसत्तेपुढें तो एकेकाळीं ताठ उभा राहिला, तिच्याच आसनांवर नव्या राजवटींत जाऊन बसला. त्याचा न्याय ज्यानें त्यानें करावा.

आतां आरंभींचा प्रश्न. फेतिसोव्ह बारगीर कीं शिलेदार? घडविलें त्याला सरकारनें, यांत संशय नाहीं, आणि तें ऋण त्यानें कधीं लपविलें नाहीं. तेरा-चौदा वर्षें घाम गाळून फेडलें. पण विद्या एकदां अंगीं मुरली म्हणजे ती पागेंत परत बांधतां येत नाहीं. घोडा सरकारचा असेल, मांड स्वाराचीच असते.

११ डिसेंबर २००९ रोजीं, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षीं, फेतिसोव्ह आपल्या जुन्या लष्करी संघाकडून एकच सामना खेळला. या वेळीं त्याला तेथें कोणीं अडवून ठेवलें नव्हतें. तो आपण होऊन आला होता.