नाना की बाबा? जुन्या नोंदी आणि संगणकाचा कान

जुने महसुली कागद संगणकावर घ्यायचा विषय निघाला की एक मत हमखास ऐकायला मिळते. मराठी आपण बोलतो तशीच लिहितो, त्यामुळे इंग्रजीसारखा स्पेलिंगचा घोळ आपल्याकडे नाही. उच्चारावरून नावे जुळवणारी एखादी पद्धत बसवली की काम झाले. औशासारख्या मराठवाड्यातल्या तालुक्यापुरते बोलायचे, तर हे मत साफ चुकीचे आहे.

आधी या मताचा आधार तपासू. उच्चारावरून जुळणी करणाऱ्या पद्धतींतली सर्वांत जुनी आणि आजही सर्रास वापरली जाणारी पद्धत म्हणजे साउंडेक्स. रॉबर्ट रसेल यांनी १९१८ साली अमेरिकेत तिचे पेटंट घेतले. पहिले अक्षर ठेवायचे, पुढचे स्वर गाळायचे आणि व्यंजनांना गटवार १ ते ६ अंक द्यायचे. रोमन लिपीतली आपली नावे तिच्या हवाली केली की शिंदे आणि सावंत दोघांनाही एस-५३० हाच संकेत मिळतो. उलट वाघमारे हे एकच आडनाव डब्ल्यूने लिहिले की एका गटात आणि व्हीने लिहिले की दुसऱ्या गटात पडते. 'ए'ने सुरू होणारा औसा आशा आणि अजय यांच्याबरोबर ए-२०० मध्ये बसतो, पण 'ओ'ने लिहिलेल्या औशाशी त्याचे नाते तुटते.

यावर म्हणतात, रोमन सोडा, देवनागरीत आपल्या वर्णमालेचे वर्ग घ्या. पण त-थ-द-धला एकच अंक दिला की दादा आणि दत्ता एक होतात. अक्षरांचा फरक मोजणारी लेव्हनश्टाइन यांची १९६५ ची पद्धतही इथे तोकडी पडते. कोणी 'औ' ही एक कळ दाबतो, कोणी 'अ' टंकून त्याला 'ौ' हे एकच चिन्ह जोडतो. कागदावर दोन्ही औसाच दिसतात, संगणकाला मात्र त्यांत दोन बदलांचे अंतर दिसते. 'औसा' आणि 'असा' यांत एकच. म्हणजे हिशेबाने औशाला 'असा' जास्त जवळचा!

खरी अडचण याहून खोल आहे. ही नावे कानाने बदललेली नाहीत, लेखणीने बदललेली आहेत. ण चा न बोलीतही होतो, हे मान्य. पण औसा निजामाच्या राज्यात होता आणि तिथली सरकारी लेखणी उर्दू होती. उर्दूत ळ आणि ण नाहीत. ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत. शब्दाच्या मध्ये आलेला 'ये' ई असू शकतो किंवा ए. 'वाव' तर ऊ, ओ, औ, व यांपैकी काहीही. काफ-ये-शीन-वाव असे लिहिलेले नाव केशव वाचता येते, केशो वाचता येते, कीशूही वाचता येते. घाईच्या शिकस्त अक्षरात कारकून नुक्ते, म्हणजे अक्षरांचे ठिपके, गाळून जात, आणि नुक्ते गेले की नाना आणि बाबा यांत काहीच फरक उरत नाही. जगातली कोणती उच्चारपद्धत नाना आणि बाबा जवळचे मानील? तरीही एका माणसाची ही दोन नावे दोन कागदांवर निघू शकतात. मोडीचा घोटाळा वेगळा, तिथे ऱ्हस्व-दीर्घाचा भेदच पाळत नसत. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीपुढे २०२३ साली मराठवाड्याच्या जुन्या नोंदींचा प्रश्न आला, तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांची गरज का पडली, हे यावरून कळावे.

म्हणून दोन नावांतले अंतर मोजताना नोंद कोणत्या लिपीतून आली हे आधी विचारले पाहिजे. उर्दूतून आली असेल तर ळ-ल आणि ण-न यांचा दंड, म्हणजे त्या बदलासाठी धरायचे अंतर, शून्य, ई-ए आणि ऊ-ओ-औ-व यांचा थोडा, न-ब-त-प यांचाही थोडा. ट आणि ड कानाला जवळचे, पण उर्दूत त्यांचे आकार अगदी निराळे, तेव्हा तिथे पुरा दंड. रोमनमधून आलेल्या नोंदीला हे कोष्टक चालणार नाही. तिथे ट-त आणि ड-द एकाच अक्षराने लिहितात, म्हणून तिथे त्यांचा दंड कमी हवा.

हे आकडे आणायचे कुठून, असा आक्षेप येतो. त्याचे उत्तर तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्येच आहे. नाव बदलते, तरी जुना सर्व्हे नंबर धरून मागे जाता येते. एकाच जमिनीचे खासरा पत्रक आणि त्यानंतरचा सातबारा शेजारी ठेवला, मधले फेरफार पाहिले, की एकाच खातेदाराचे नाव दोन प्रकारे लिहिलेले सापडते. एका गावच्या अशा जोड्या जमवल्या तरी कोणते अक्षर कशात बदलते ते मोजता येईल.

आणि इतके करूनही संगणकाला निर्णय देऊ नये. एका गावात एकाच नावाचे चार खातेदार असणे नेहमीचे आहे. यंत्राने संभाव्य नावांची यादी द्यावी. वडिलांचे नाव, शिवार आणि सर्व्हे नंबर पाहून ओळख माणसाने पटवावी, आणि नकलेसोबत मूळ उर्दू पानाची प्रतही खातेदाराच्या हातात द्यावी. शिकस्त वाचणारी वडीलधारी माणसे झपाट्याने कमी होत आहेत. औसा तालुक्यातले एक गाव निवडून, त्यांना शेजारी बसवून, ते कोष्टक याच वर्षी करायला घेतले पाहिजे.