फुंकर, कॅसेट आणि सहा व्होल्ट

गेल्या शनिवारी कोरेगाव भीमाला घरी गेलो होतो. (नगर रोड आणि वाघोलीचं ट्रॅफिक यावर कधीतरी वेगळं लिहीन, आज बीपी वाढवून घ्यायचं नाही.) आजीने पोटमाळा आवरायला लावला आणि जुन्या वह्यांच्या मागे चक्क आमचा व्हिडिओ गेम सापडला! दोन रिमोट, एक बंदूक, पाच कॅसेटी, अडॅप्टर, सगळं जागच्या जागी.

२००६ साली तो बंद पडला तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. लाल दिवा लागायचा, पण पडदा नुसता राखाडी. कधी चुकून काही आलंच तर मारिओच्या जागी चौकोनांचा कचरा. ठपका बसला दादावर, म्हणजे माझ्या चुलतभावावर. काकांचं निदान पक्कं होतं, "फुंकून फुंकून थुंकी घातलीस आत." दोन थपडा आणि केस क्लोज. तेव्हापासून घरात दादा म्हणजे 'गेम बिघडवणारा'.

आता गंमत बघा. कॅसेट काढायची, फुंकर मारायची, परत घालायची हा उपाय दादाला कोणी शिकवला? कोणीच नाही. आणि तिकडे अमेरिकेतली पोरंही हेच करत होती. पण त्यांचं दुखणं वेगळं होतं, आणि त्याला चांगला इतिहास आहे.

आपला तो गेम म्हणजे निन्टेन्डोच्या 'फॅमिकॉम'ची नक्कल. अस्सल फॅमिकॉम जपानमध्ये १५ जुलै १९८३ला आला. त्याच्याही पहिल्या लॉटमध्ये चिपचा दोष निघाला आणि निन्टेन्डोला मशिनं परत बोलवून मदरबोर्ड बदलावे लागले. (प्रॉडक्शनमधला बग, ही परंपरा जुनी आहे :-)) त्याच सुमारास अमेरिकेत व्हिडिओ गेमचा धंदा बसला होता. दुकानदार गेम म्हटलं की नाक मुरडायचे. म्हणून १९८५मध्ये हेच मशीन तिथे नेताना निन्टेन्डोने त्याला व्हीसीआरचं रूप दिलं. कॅसेट वरून खोचायची नाही, तर समोरून सरकवायची आणि खाली दाबायची. दिसायला झकास, पण आतल्या ७२ पिनांचं कनेक्टर वापरून वापरून सैल व्हायला लागलं.

त्यात भर म्हणून एक कुलूप. मशिनात एक छोटी चिप, प्रत्येक अधिकृत कॅसेटमध्ये तिची जोडीदार. दोघींचं संभाषण जुळलं नाही की मशीन दर सेकंदाला स्वतःला रीसेट करायचं. हेतू हा की परवानगीशिवाय बनवलेल्या कॅसेटी चालू नयेत. पण या संभाषणाच्या चारपैकी एका पिनेवर जरी मळ बसला, तरी दुकानातून पैसे देऊन आणलेली खरी कॅसेटसुद्धा चोर ठरायची. गेमचा डेटा शाबूत, तरी पडदा लुकलुकतोय! या कुलपावरून अटारी गेम्स आणि निन्टेन्डो कोर्टातही भांडले, १९९२च्या निकालात निन्टेन्डोची सरशी झाली. आणि १९९३मध्ये निन्टेन्डोनेच कॅसेट वरून घालायचं नवीन मॉडेल काढलं, त्यात कुलपाची चिपच नव्हती.

जपानी फॅमिकॉममध्ये हे कुलूप कधी नव्हतंच. त्यामुळे त्याच्यावरून बनलेल्या तैवानी-चिनी नकलांतही नाही, म्हणून तर आपल्याकडे '९९९९९९ इन १' सुखाने चालली. आमच्याकडे पडदा लुकलुकायचा नाही, राखाडी व्हायचा. याचा अर्थ वेगळा. चालू केल्यावर प्रोसेसर सगळ्यात आधी कॅसेटमधल्या ठरलेल्या जागेवरून दोन बाइट वाचतो, 'प्रोग्रॅम इथून सुरू कर' असा पत्ता तिथे असतो. तोच नीट वाचता आला नाही तर पुढे सगळा अंधार. चित्रांची मेमरी वेगळी, तिच्या पिना खराब असतील तर गेम चालतो पण मारिओचे तुकडे होतात. (अख्खा सुपर मारिओ ४० केबीचा आहे. आमच्या ऑफिसच्या ईमेल सहीतला लोगो याहून मोठा असेल.)

मग फुंकरीने काय व्हायचं? खरं काम करायची ती काढ-घाल. घासल्याने पिनेवरचा थर थोडा निघतो, कॅसेट किंचित वेगळ्या जागी बसते. वाफेच्या ओलाव्याने उलट पुढे गंज चढतो, फुंकू नका असं निन्टेन्डोही सांगत आलंय. म्हणजे काका निम्मे बरोबर होते...

असं समजून मी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पाचही कॅसेटी पुसल्या. कापूस काळाकुट्ट निघाला. आनंदाने गेम लावला, तर पडदा राखाडीच.

शेवटी मल्टिमीटर काढला. आत ७८०५ रेग्युलेटर, तो चिपला ५ व्होल्ट देतो, पण त्यासाठी त्याला स्वतःला साधारण ७ तरी मिळावे लागतात. इथे पुढे ४सुद्धा धड येत नव्हते. अडॅप्टर उलटा करून पाहिला. तो गेमचा नव्हताच. ३ ते १२ व्होल्टचं बटण असलेला, बटण ६वर, आणि मागे आजोबांच्या अक्षरात निळ्या पेनने 'रेडिओ'.

मग आठवलं. त्या वर्षी लोडशेडिंग जोरात होतं. एकदा लाइट आली ती अशी आली की गेमचा अडॅप्टर जळाला. पिन बसते म्हणून कोणीतरी रेडिओचा लावला. लाल दिवा लागला म्हणजे करंट येतोय, असं सगळ्यांनी धरून चाललं. एलईडीला काय, ४ व्होल्टही चिक्कार. प्रोसेसरला नाही.

बटण ९वर सरकवलं. मारिओ आला.

दादाला तिथूनच फोन लावला आणि सगळं सांगितलं. तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "काका आहेत का तिथं? स्पीकरवर टाक."

काका समोरच खुर्चीत होते. फोनकडे न बघता म्हणाले, "आधी जेवून घ्या म्हणावं त्याला."