उष्णतेच्या कसोटीवर भाताचे वाण

सुरत जिल्ह्यातील पलसाणा तालुका हा मुख्यतः उसाचा मुलूख. चलथाणचा सहकारी साखर कारखाना याच तालुक्यातला. तापीवरील उकाई-काकरापार कालव्यांमुळे दक्षिण गुजरातच्या या पट्ट्यात उन्हाळी भातही घेतले जाते. गोव्यातील वायंगणाप्रमाणेच हे पीक पावसाच्या भरवशावर नसते. मात्र लावणी लांबली की फुलोरा मार्च-एप्रिलच्या उन्हात सापडतो. अशा वेळी लोंब्या भरघोस दिसल्या तरी त्यांत पोचट दाण्यांचे प्रमाण वाढते. अशा भागासाठी उष्णता सोसणारा वाण कसा निवडावा, हा प्रयोगाच्या मांडणीचा प्रश्न आहे.

भाताचे फूल साधारणपणे सकाळी उमलते व तास-दोन तासांत मिटते. याच अवधीत परागकोश फुटून कुक्षीवर पराग पडावे लागतात. फुलाचे स्वतःचे तापमान ३३.७ अंश सेल्सिअस वा अधिक झाल्यास तासाभराचा ताणही वंध्यत्वास पुरेसा ठरतो, असे नियंत्रित कक्षांतील प्रयोगांत आढळले आहे. म्हणून केवळ रोपावस्थेत उष्णता देऊन केलेली निवड दाण्यांविषयी फारसे सांगत नाही. ताण फुलोऱ्यातच द्यावा लागतो, आणि ज्या दिवशी जी फुले उमलली त्यांवर त्याच दिवशी खूण करून पुढे भरलेले व पोचट दाणे मोजावे लागतात.

शेतातील सर्वांत स्वस्त पद्धत म्हणजे उशिरा पेरणी. तेच वाण एकदा नेहमीच्या वेळी व एकदा महिनाभर उशिरा लावून तुलना करतात. हिच्यात एक फसवा दोष आहे. हळवा वाण कडक उन्हापूर्वीच फुलून मोकळा होतो आणि सहनशील भासतो. वास्तविक तो उन्हातून निसटलेला असतो. यासाठी वाणांचे फुलोऱ्याच्या दिवसांनुसार गट पाडून प्रत्येक गटाची पेरणी अशा बेताने करतात की सर्व एकाच आठवड्यात फुलावेत. भल्या पहाटे फुलणारे वाणही असेच निसटतात. परंतु तो गुण शेतकऱ्याच्या उपयोगाचा असल्याने त्याची नोंद वेगळी ठेवणे इष्ट. पाणीही भरपूर द्यावे, नाहीतर मोजला जातो तो दुष्काळ.

आर्द्रतेकडे होणारे दुर्लक्ष ही या प्रयोगांतील मोठी उणीव. ३७ अंशांवर सापेक्ष आर्द्रता ३० टक्के असेल तर हवेची बाष्पतूट सुमारे ४.४ किलोपास्कल असते; ६० टक्क्यांवर ती २.५ पर्यंत उतरते. कोरड्या हवेत पाणी मिळालेले पीक बाष्पोत्सर्जनाने स्वतःला गार ठेवते. दमट किनारपट्टीवर ही सोय कमी होते. त्यामुळे कोरड्या पठारावर उत्तीर्ण झालेला वाण पलसाण्यात वा बार्देशात टिकेलच, असे मानता येत नाही. प्लास्टिकचा तंबू उभारून उष्णता वाढविताना आर्द्रताही वाढते. म्हणून तापमापक वेधशाळेत नव्हे, लोंबीच्या उंचीवर लावणे आवश्यक असते.

रात्रही मोजली पाहिजे. फिलिपीन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या शेतावरील १९९२ ते २००३ या काळातील नोंदींत, कोरड्या हंगामात किमान तापमान १ अंशाने वाढले की उत्पन्न १० टक्क्यांनी घटल्याचे दिसले.

कक्षांतील प्रयोगात आणखी एक चूक वारंवार होते. एकाच उष्ण कक्षातील वीस कुंड्या म्हणजे वीस पुनरावृत्त्या नव्हेत. तापमानाच्या दृष्टीने ती एकच. कक्ष अनेक नसतील तर प्रयोग पुन्हा करून उष्ण व साधा कक्ष यांची अदलाबदल करावी लागते. प्रत्येक फेरीत तुल्य वाण हवेतच: सहनशील म्हणून नगिना २२, संवेदनक्षम म्हणून मोरोबेरेकान, आणि त्या भागात प्रत्यक्ष लावला जाणारा एखादा. गोव्यात तो मान ‘ज्योती’ वा ‘जया’कडे जाईल.

निकालासाठी फिशर व मॉरर यांनी १९७८ मध्ये दुष्काळासाठी मांडलेला संवेदनशीलता निर्देशांक उष्णतेलाही लावतात. वाणाच्या उत्पन्नातील सापेक्ष घटीला सर्व वाणांच्या सरासरीवरून काढलेल्या घटीने भागावयाचे. एकाहून कमी उत्तर आले तर वाण सरासरीपेक्षा काटक. तथापि जो वाण एरवीही थोडेच पिकवतो, त्याची घटही थोडीच दिसते. म्हणून निर्देशांकाशेजारी दोन्ही हंगामांचे प्रत्यक्ष उत्पन्न छापले नसेल, तर असा तक्ता बियाणे निवडण्यास अपुरा ठरतो. नगिना २२ स्वतः उंच वाढणारा व कमी उत्पन्नाचा जुना वाण असून संकरासाठी दाता म्हणून त्याचे मोल आहे.