कंपालाची मुक्ती आणि गुरुजींचे युद्ध

दरवर्षी ३ जून रोजी आपण संत चार्ल्स ल्वांगा आणि त्यांच्या सोबत्यांचा स्मृतिदिन पाळतो. ज्या नामुगोंगोत या रक्तसाक्षींना जिवंत जाळण्यात आले, ते युगांडाची राजधानी कंपालाच्या जवळच आहे. याच कंपालात २५ जानेवारी १९७१ रोजी जनरल इदी अमीनने सत्ता बळकावली. १९७२ साली त्याने आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडायला लावला; कचेऱ्यांत इमानाने कारकुनी करणारी गोमंतकीय ख्रिस्ती कुटुंबेही त्यांत होती. त्याच वर्षी सरन्यायाधीश बेनेडिक्टो किवानुका यांना न्यायालयातून ओढून नेण्यात आले; ते परतलेच नाहीत. १९७७ साली अँग्लिकन आर्चबिशप जनानी लुवुम यांची हत्या झाली.

ही राजवट उलथली ती शेजारच्या टांझानियाच्या अध्यक्षांनी. ज्युलियस न्येरेरे हे मूळचे शिक्षक आणि नेमाने मिस्सेला जाणारे कॅथलिक. लोक त्यांना 'म्वालिमू', म्हणजे गुरुजी, म्हणत. १९७८च्या ऑक्टोबरअखेर अमीनच्या फौजांनी कागेरा नदीपर्यंतचा मुलूख गिळला. तो सोडवणे हा टांझानियाचा हक्कच होता. परंतु सीमा ओलांडून परक्या राजधानीवर चालून जाणे आफ्रिकी ऐक्य संघटनेच्या सनदेत बसत नव्हते. गुरुजी तरीही गेले. सनदेने अमीनच्या प्रजेला कोणतेच संरक्षण दिले नव्हते, हे ध्यानात घेता आम्हांला त्यांचा निर्णय न्याय्य वाटतो.

युगांडाचे निर्वासित सैनिकही सोबत होते. कंपालाला वेढा घालताना जिंजाकडे जाणारा पूर्वेचा रस्ता मुद्दाम मोकळा ठेवण्यात आला. गद्दाफीने अमीनच्या मदतीला धाडलेल्या लिबियन सैनिकांना निसटता यावे, हा त्यामागचा हेतू. शत्रूला वाट ठेवणारे सेनानी इतिहासात थोडेच! ११ एप्रिल १९७९ रोजी राजधानी पडली. नाकासेरो टेकडीवरील गुप्त पोलिसांच्या कोठड्या उघडल्या. रस्त्यांवर लोक नाचले, आणि दुकानेही लुटली गेली.

पुढचे चित्र मात्र उदास आहे. नवे अध्यक्ष युसुफ लुले अवघे ६८ दिवस टिकले. डिसेंबर १९८०च्या वादग्रस्त निवडणुकीनंतर मिल्टन ओबोटे परतले आणि यादवी पेटली. जानेवारी १९८६ मध्ये योवेरी मुसेवेनींच्या बंडखोरांनी कंपाला पुन्हा जिंकले. युद्धखर्चाने टांझानियाही खंगला. विनाचौकशी स्थानबद्धतेचा कायदा राबवणारे न्येरेरे स्वतः निर्दोष नव्हते; मुसोमा धर्मप्रांताने २००५ साली सुरू केलेल्या त्यांच्या संतपदाच्या प्रक्रियेत हे सारे तपासावे लागेल.

अमीन लिबियामार्गे सौदी अरेबियात पोहोचला. तेथेच, जेद्दाच्या रुग्णालयात, १६ ऑगस्ट २००३ रोजी तो वारला. कोणत्याही न्यायासनापुढे तो कधीच उभा राहिला नाही.