चार फेऱ्यांचा हिरो

ट्रकच्या इंजिनाला टर्बो बसवायचा म्हणजे पार्ट आणायचा आणि बोल्ट आवळायचे, असं मला इंजिनिअरिंग संपेपर्यंत वाटायचं. पण खरा खर्च आणि खरी मेहनत असते ती पाइप वळवण्यात, हवेला वाट करून देण्यात. याचं झकास उदाहरण 1952 सालचं आहे.

अमेरिकेतल्या कमिन्स कंपनीने (हो, 1962 मध्ये किर्लोस्करांबरोबर कोथरूडला आली तीच) ट्रकच्या इंजिनावर बेतलेलं 6.6 लिटरचं डिझेल इंजिन इंडियानापोलिसच्या 500 मैलांच्या शर्यतीत उतरवलं. गाडी बुटकी हवी म्हणून इंजिन जवळजवळ आडवं झोपवलं, त्याला टर्बो जोडला. चेसिस फ्रँक कर्टिसने खास बांधली. एवढा खटाटोप एका गाडीसाठी! या शर्यतीतली ती पहिलीच टर्बोवाली गाडी.

पात्रतेच्या 4 फेऱ्यांत फ्रेड अ‍ॅगाबाशियनने ताशी 138 मैल (222 किमी) वेग काढून पहिली जागा पटकावली. बाकी सगळे मागे.

शर्यत मात्र 200 फेऱ्यांची. टर्बोला हवा देणारं तोंड होतं पुढे, खाली. ट्रॅकवरचे टायरचे रबरी तुकडे त्याने ओढून घेतले, तोंड तुंबलं आणि 71 फेऱ्यांनंतर गाडी बाहेर.

आपल्या भाषेत, डेमो चालला, प्रॉडक्शनला झोपला. मेहनत कमी नव्हती हो, पण एका तोंडाचा विचार राहून गेला. सिग्नलला शेजारी ट्रक उभा राहिला की केबिनमागे बघा. हवा घेणारं नळकांडं पार वर असतं. उगाच नाही.